गाळलेला धडा

कुडाळ,
१८ जून २०२५

चि. सई हिस,


परवा रात्री तुझा फोन ठेवला आणि झोपच लागली नाही. पाऊस कौलांवर कोसळत होता म्हणून, असं काकांना सांगितलं. खरं कारण तुझा आवाज. यंदा पावसानेही कमालच केली. मे संपायच्या आत दारात हजर. शेवटचे आंबे झाडावरच कुजले, फणस पडून फुटले, अंगणभर नुसता वास. उन्हाअभावी साठं थोडीच झाली. त्यातली दोन तुझ्यासाठी बाजूला काढली आहेत, काकांच्या नजरेआड.

तू म्हणालीस, "आत्या, यापुढे पुस्तकाबाहेर एक अक्षर बोलणार नाही." हे वाक्य मला टोचत राहिलं. दहावीच्या वर्गात तू मेंडेलचे वाटाणे शिकवत होतीस, कुणीतरी विचारलं की मग पहिला माणूस कुठून आला, तू सांगायला लागलीस. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, आमच्या घरी सांगतात माणूस मनूपासून झाला. आणि तू म्हणालीस, "या भाकडकथा घरी ठेवून यायच्या." वर्ग हसला, पोराने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, जे पुस्तकातच नाही ते कशाला काढता?

विज्ञान तुझंच बरोबर होतं गो, त्यात शंका नाही. पण बाय, एक चूक तुझ्या हातून झाली आहे आणि दुसरी व्हायच्या बेतात आहे. झालेली ही, की एका मुलाचं हसं केलंस. व्हायची ती, की आता गप्प बसशील. मला दुसरीची जास्त भीती वाटते.

मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा आमच्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा होता, आनुवंशिकता व उत्क्रांती. तुझ्या इंदूरच्या शाळेतल्या एनसीईआरटीच्या पुस्तकात २०२३ पासून नुसती आनुवंशिकता उरली. कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून, असं सांगितलं गेलं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध कळवला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे म्हणा. पण दहावीनंतर कॉमर्सला जाणाऱ्या मुलीने काय करायचं? तिला हे शाळेत कधीच भेटणार नाही. तिला ते सांगणारी एकच व्यक्ती उरते, ती तू. आणि तू म्हणतेस, मी बोलणार नाही.

मी काही फार शूर होते असं समजू नकोस. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक पालक शाळेत येऊन गरजले, "आमच्या पोरांना माकडाची अवलाद म्हणता?" मी घाबरले आणि एक पळवाट काढली. फळ्यावर मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन लिहिलं आणि म्हटलं, बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊकच होतं. पालक खूश, हेडमास्तर खूश. मुलं तर दशावतारी नाटकं बघतच वाढलेली. मग सहामाहीचे पेपर तपासायला घेतले. एका हुशार मुलीने लिहिलं होतं : सस्तन प्राणी आणि माणूस यांना जोडणारा दुवा, नरसिंह. मी खो खो हसले आणि मग लाल पेन हातात तसंच राहिलं. गुण कापायचे कुणाचे? तिने मी शिकवलं तेच लिहिलं होतं.

तसं हे साम्य भल्याभल्यांना दिसलं आहे. हाल्डेनसारखा मोठा जीवशास्त्रज्ञ १९५७ साली इंग्लंड सोडून कोलकात्याला आला आणि इथला नागरिक झाला. दशावतारात कशेरुक प्राण्यांच्या उत्क्रांतीची ढोबळ छाया दिसते, असं तोही म्हणाला होता. गंमत म्हणून बरं आहे. पण अवतार घेतो तो देव, स्वतःच्या इच्छेने, काही कार्य ठरवून. निसर्गात मासा काही ठरवून बेडूक होत नाही. पिलांमध्ये मुळातच थोडाथोडा फरक असतो, ज्याला तो फरक उपयोगी पडतो तो टिकतो, त्याची पिलं जास्त होतात, आणि हे लाखो वर्षं चालतं. दोन्हींची खिचडी केली की कथेचाही अर्थ जातो आणि विज्ञानाचाही. तुला आठवतं का, जत्रेतल्या दशावतारी नाटकात काळ्या वेशातला संकासुर आला की तू माझ्या पदराखाली लपायचीस? त्या रात्रीची भीती आणि मजा खरी होती. तिला जीवशास्त्राच्या दाखल्याची गरज नव्हती.

आपल्या कोकणातली माणसं एरवी हे किती सहज सांभाळतात बघ. परशुरामाने समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं, हे इथल्या पोराला चालता येण्याआधी कळतं. पण विहीर खणायची वेळ आली की कोणी परशुरामाने बाण कुठे टाकला ते विचारत नाही. जांभा किती फूट, खाली कातळ कधी लागेल, पाणी कुठल्या थरात, एवढंच विचारतात. खणायच्या आधी नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि मग थर मोजतात. जांभ्यावरून कुणाची भावना दुखावल्याचं मी ऐकलं नाही. मग माणसाच्या गोष्टीवरूनच का दुखावते? कारण तिथे आपण स्वतः असतो. म्हणून तिथे हात जरा हळू लावायचा.

तेव्हा माझं ऐक, माणसापासून सुरुवात करू नकोस. आंब्यापासून कर. आपल्या मागच्या अंगणात हापूसची कलमं आहेत, सगळी एकाच चवीची, कारण ती एकाच झाडाची फांदी. आणि कुंपणापलीकडे रायवळ आहेत, बाठ्यापासून उगवलेले. एक आंबट, एक तंतुमय, एक इतका गोड की तुझे बाबा त्यावरून भावंडांशी भांडायचे. बी म्हटलं की फरक आलाच. हा फरक मुलांना चाखता येतो. मग विचार, चांगला आंबा कोण निवडतं? माणूस. आणि जिथे माणूस नाही तिथे? इथे थांब, त्यांना बोलू दे. नंतर डासांकडे ये. डीडीटी निघाली तेव्हा डास पटापट मेले, जे थोडे तगले त्यांचीच प्रजा वाढली, आणि पुढे तेच औषध चालेना. क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका असं डॉक्टर का बजावतात, तेही हेच. तुझ्या वर्गात कुणाच्या तरी घरी असा आजारी माणूस असेल. त्या घराला उत्क्रांती कळणं ही चैन नव्हे.

माणूस शेवटी येऊ दे. आणि "माकडापासून माणूस झाला" हे वाक्य तोंडातून काढूच नकोस, कारण ते चूकच आहे. परवा कौलं फोडून गेलेले वानर आपले आजोबा नव्हेत, फार लांबचे भाऊबंद. चिंपांझी जवळचे, त्यांचं आणि आपलं घराणं साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळं झालं. भाऊबंदकी कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, तुझ्या माळव्यातही लागू नये. मी मुलांना पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक चाचपायला लावायचे आणि त्याचं मराठी नाव विचारायचे. माकडहाड! वर्ग हसायचा, पण त्या हसण्यात कुणी एकटं पडायचं नाही.

कोणीतरी विचारेलच, माकडाचा माणूस होताना पाहिला कुणी? २०१८ च्या जानेवारीत आपल्या औरंगाबादेतच केंद्रातले तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह अगदी हेच म्हणाले होते, आणि डार्विन शाळा-कॉलेजातून काढायला हवा असंही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून लेखी निषेध केला. तू मात्र मुलांवर चिडू नकोस, प्रश्न चांगला आहे. त्यांना सांग, मी माझ्या खापरपणजोबांना पाहिलेलं नाही. पण सातबारा आहे, त्यांनी बांधलेली विहीर आहे, आणि घरातल्या चौघांच्या चेहऱ्यावर एकच नाक आहे. न पाहिलेल्या गोष्टी खुणांवरून कळतात. पोलीसही चोरी पाहायला हजर नसतात.

आणि कोणी म्हणालं की ही तर नुसती थिअरी, तर आपला शब्द पुढे कर. आपण सिद्धांत म्हणतो. तपासून अखेर जे ठरतं त्यालाच सिद्धांत म्हणायचं, मनात आलं त्याला नव्हे. उत्क्रांती या शब्दाने मात्र मला आयुष्यभर छळलं. त्यातल्या 'उत्'मुळे मुलांना वाटतं की ही वर जाणारी शिडी आहे आणि शेवटच्या पायरीवर आपण बसलो आहोत. तुझ्याकडचा हिंदीतला विकासही तसाच फसवा. शिडी नव्हे, झाड काढ फळ्यावर. आपण त्यातली एक डहाळी.

पुढच्या महिन्यात एका खटल्याला शंभर वर्षं होतील. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डेटन गावात जॉन स्कोप्स नावाच्या शिक्षकावर, माणसाची उत्क्रांती शिकवली म्हणून खटला भरला. १९२५ चा जुलै. तो तुझ्याच वयाचा, चोवीस वर्षांचा. शंभर डॉलर दंड झाला, जगभर गाजावाजा झाला, पुढे तो दंडही रद्द झाला. पण कायदा १९६७ पर्यंत टिकला. आणि ज्या पाठ्यपुस्तकावरून हे सगळं झालं, त्याच्या पुढच्या आवृत्तीत उत्क्रांतीचा मजकूर पातळ केला गेला. भांडण लोकांच्या लक्षात राहिलं, पुस्तकातलं गळणं फार थोड्यांच्या. म्हणून मला तुझ्या चिडण्यापेक्षा तुझ्या गप्प बसण्याची काळजी वाटते.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नकोस. शांतपणे सांग की आनुवंशिकतेच्या धड्यात मुलांमधली भिन्नता येते, आणि तिथून हा प्रश्न मुलंच काढतात. मी उत्तर देते, एवढंच. लागलंच तर राज्यघटनेचं ५१अ कलम दाखव. वैज्ञानिक दृष्टी वाढवणं हे तिथे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. आणि त्या मुलाच्या वडिलांना सांग की ज्याचे वाटाणे तुमचा मुलगा शिकतो आहे, तो मेंडेल मठात राहणारा साधू होता, मठाच्याच बागेत त्याने ते लावले होते.

तुला वाटत असेल, आत्या दीड दिवसाच्या गणपतीला पहाटे उठून दूर्वा खुडते आणि मला डार्विन सांगते. होय, दोन्ही करते. पुरणपोळी चुकली तर माझा जीव खालीवर होतो आणि उत्क्रांतीचा धडा चुकीचा शिकवला तरी होतो. डार्विनची बायको एमा फार श्रद्धाळू होती. नवऱ्याच्या विचारांची तिला काळजी वाटे, म्हणून लग्नानंतर तिने त्याला एक पत्र लिहिलं. त्याने ते जन्मभर जपून ठेवलं. त्रेचाळीस वर्षं एका घरात संसार केला दोघांनी. एका घरात जमतं, तर एका वर्गात का जमू नये?

आता एक सांगते, ते करच. तुझ्या इंदूरच्या शेजारी धार जिल्हा आहे. तिथल्या पाडल्या गावातले शेतकरी पिढ्यान् पिढ्या काही गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत आले. शेताची नि गुरांची राखण तो करतो, अशी श्रद्धा. अगदी आपला राखणदार बघ. २०२३ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या लोकांनी ते दगड पाहिले, तर ती डायनासोरची अंडी निघाली! टायटॅनोसॉर जातीची, साडेसहा कोटी वर्षांहून जुनी. पूजेत होते म्हणूनच ते दगड घराघरांत जपून राहिले, हे विसरू नकोस. त्या शेतकऱ्यांना जर कोणी "भाकड" म्हणून हसलं असतं, तर त्यांनी ती अंडी कुणाला दाखवली असती का? वर्गाची सहल तिकडे ने. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला अंड्याजवळ पुढे उभा कर.

बाकी इकडे ठीक. शेजारची गाय व्यायली, पाडी झाली. काकांचा गुडघा पावसात बोलतो. तू जेवतेस ना वेळेवर? गणपतीला रजा मिळाली नाही तर आत्ताच सांग, मी रुसायला मोकळी.

एवढं लक्षात ठेव, बाय. पुस्तकाने धडा गाळला तरी तू गाळू नकोस. आणि धडा शिकवताना वर्गातलं एकही मूल गाळू नकोस. उद्या वर्गात गेलीस की आधी त्या मुलाजवळ जा, झालं ते चुकलं म्हण, आणि मनूची गोष्ट त्याला पूर्ण सांगू दे. मग फळ्यावर झाड काढ.

तुझी,
आत्या