खाण आणि गाव यांच्यामधली नोकरी

कोळशाच्या खाणीत कोण कोण असायलाच हवं, हे आपल्या कायद्याने ठरवून दिलं आहे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेला व्यवस्थापक हवा. सुरक्षा अधिकारी हवा, सर्वेक्षक हवा, पाळीवर देखरेख करणारे ओव्हरमन आणि मायनिंग सरदार हवेत. १९५५ च्या खाण नियमांनी तर ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या खाणीत कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं आणि त्याच्या पात्रतेत समाजकार्याचं किंवा सामाजिक शास्त्रांचं शिक्षण घातलं. कामगाराच्या अडीअडचणी ऐकणारं, त्या वर पोचवणारं कोणीतरी हवं, हे त्या काळातही ओळखलं गेलं होतं. पण ही सगळी माणसं खाणीच्या हद्दीतली आणि हद्दीतल्यांसाठीची. तारेच्या कुंपणापलीकडे जे गाव आहे, ज्याच्या विहिरींचं पाणी खाली जातं आणि ज्याच्या कपाशीवर धूळ बसते, त्या गावासाठी कायद्याने खाणीत एकही खुर्ची राखून ठेवलेली नाही.

खुर्च्या तरीही आहेत. कंपन्यांनी त्या आपापल्या सोयीने मांडल्या आहेत. कुठे सीएसआर अधिकारी, कुठे आर अँड आर म्हणजे पुनर्वसन अधिकारी, कुठे लँड ऑफिसर, तर बड्या परदेशी कंपन्यांत कम्युनिटी रिलेशन्स किंवा सोशल परफॉर्मन्स मॅनेजर. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळकडची एमएसडब्ल्यू झालेली मुलं-मुली या नोकऱ्यांकडे वळताना दिसतात. त्यांना कोणी या क्षेत्राचा नीट नकाशा दाखवत नाही, म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. खाणपट्ट्यात एखाद्या शिकलेल्या माणसाने करावं असं यापेक्षा गरजेचं काम क्वचितच असेल. पण या माणसाला खाणीतलं काम थांबवण्याचा, निदान लांबवण्याचा अधिकार नसेल, तर त्याच्या हातून गावाचं भलं होत नाही आणि कंपनीचंही होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात उघड्या खाणीच्या काठावरच्या घरांत दुपारी भोंगा झाला की काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. घरातली बाई मांडणीवरचे डबे उतरवून जमिनीवर ठेवते. पाळण्यातलं लेकरू उचलून अंगणात येते. मग जमीन हलते, पत्रे थरथरतात आणि थोड्या वेळाने पिवळसर धूर वस्तीवरून सरकतो. एका घरात खिडकीच्या कोपऱ्यातून निघून छताकडे गेलेली भेग होती. तिच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख, तिच्यावर वीतभर अंतरावर दुसरी रेघ आणि दुसरी तारीख. नववीतल्या मुलीने हे टिपून ठेवलं होतं. या नोंदवहीला कागद लागला नव्हता, आणि कोणाच्या कार्यालयात तिची पोचही नव्हती.

कंपनीकडेही नोंद असते. खाणसुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाने ब्लास्टिंगच्या हादऱ्यांना मर्यादा घातली आहे. खाणमालकाच्या नसलेल्या राहत्या घरांसाठी, कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा कमी असेल तर जमिनीच्या हालचालीचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या आत हवा. यंत्राचा आकडा त्याच्या आत असतो आणि घराची भेगही वाढत असते. मातीच्या जुडाईची भिंत, काळ्या जमिनीतला पाया, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी माती, रोजचा हादरा, यातलं कशाने किती झालं हे यंत्र सांगत नाही. ते शोधायला माणूस लागतो. ब्लास्टिंग सुरू होण्याआधी घरोघरी जाऊन भिंतींचे फोटो घेणारा, भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती तडकते का ते पाहणारा, त्या मुलीच्या तारखा ब्लास्टिंगच्या रजिस्टरशी ताडून बघणारा. समाजसंबंधांची नोकरी म्हणतात ती खरं तर ही आहे.

आता या माणसाच्या हातात काय असतं ते पाहू. हादरा कमी करायचा तर एका क्षणी उडणारी दारू कमी करावी लागते, छिद्रांमधलं उडण्याचं अंतर वाढवावं लागतं, वारा गावाकडे असेल तर ब्लास्ट पुढे ढकलावा लागतो. हे ठरवतो ब्लास्टिंगचा अधिकारी, आणि त्याच्या मानेवर उत्पादनाचं लक्ष्य बसलेलं. समाजसंबंधांवाला त्या बैठकीत नसतोच. त्याच्याकडे असतं सीएसआरचं बजेट. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ ने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला लावलं. कायदा चांगल्या हेतूचा आहे. पण दुसऱ्या कायद्याने जी जबाबदारी कंपनीवर आहे, ती पार पाडण्याचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, असं त्याचे नियमच सांगतात, आणि ते योग्यच आहे. मग होतं असं की दप्तरं वाटायला, आरोग्य शिबिर भरवायला, शिलाई मशिनं द्यायला त्या अधिकाऱ्याकडे पैसे असतात. भेगेसाठी त्याच्याकडे ना पैसे ना अधिकार. गावकरी त्याला भेगेबद्दल विचारतात आणि तो शाळेला रंग देतो. लोकांना हे कळत नाही असं कोणी समजू नये.

ही अडचण फक्त आपल्याकडची असती तर पैशाची किंवा मनुष्यबळाची कमतरता म्हणून सोडून देता आली असती. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत खाण कंपन्यांपैकी एकीत नेमकं हेच घडलं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला पिलबारा नावाचा लोहखनिजाचा प्रदेश आहे. तिथल्या जूकन दरीतल्या शैलाश्रयांत माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांपूर्वीपासूनच्या खुणा होत्या. उत्खननात केसांची वेणी घालून केलेल्या पट्ट्याचा सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीचा तुकडा सापडला, आणि त्या केसांचं जनुकीय नातं आज तिथेच राहणाऱ्या पुटू कुंटी कुर्रमा आणि पिनिकुरा लोकांशी जुळलं. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटोने ते शैलाश्रय सुरुंगाने उडवले. जास्त प्रतीचं सुमारे ८० लाख टन लोहखनिज त्यामुळे मोकळं होणार होतं. कायदा मोडला नव्हता. १९७२ च्या राज्य कायद्याखालची परवानगी २०१३ मध्येच मिळालेली होती.

या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण रिओ टिंटो ही या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी होती. बोगनव्हिल बेटावरची पांगुना खाण स्थानिकांच्या बंडामुळे १९८९ मध्ये तिला बंद करावी लागली होती, आणि त्यानंतरच्या दशकात तिने मानववंशशास्त्रज्ञांना कामावर घेऊन समाजसंबंधांचं खातं उभं केलं. इतर कंपन्या तिच्याकडे पाहून शिकत. जूकनच्या बाबतीतही माहितीचा तुटवडा नव्हता. त्या जागेचं महत्त्व सांगणारा पुरातत्त्वज्ञांचा अहवाल २०१८ मध्ये कंपनीकडे आलेला होता. खाणीच्या विस्ताराचे चार पर्याय तपासले होते, त्यातल्या तीन पर्यायांत शैलाश्रय वाचत होते. ते तीन पर्याय स्थानिकांसमोर ठेवलेच गेले नाहीत. मग अडलं कुठे? ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने चौकशी केली तेव्हा जाणकारांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं. समाजसंबंधांचं काम कंपनीने काही वर्षांपूर्वी कॉर्पोरेट रिलेशन्स, म्हणजे सरकार, प्रसारमाध्यमं आणि प्रतिमा सांभाळणाऱ्या खात्याखाली नेलं होतं. जाणकार माणसं खाणीच्या नियोजनापासून दूर गेली होती. ज्यांना ठाऊक होतं, त्यांचं म्हणणं सुरुंग भरणाऱ्यापर्यंत पोचेल अशी वाटच राहिली नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी, लोहखनिज विभागाचा प्रमुख आणि कॉर्पोरेट रिलेशन्सची प्रमुख या तिघांना पद सोडावं लागलं. पुढच्या फेररचनेत ही जबाबदारी खाण चालवणाऱ्या अधिकाऱ्यांवर टाकली गेली. हा धडा घ्यायला दरी जावी लागली.

म्हणून नोकरीच्या जाहिरातीत पद काय लिहिलं आहे याला मी फारसं महत्त्व देत नाही. तो माणूस कोणाला रिपोर्ट करतो आणि नियोजनाच्या बैठकीत त्याच्या सहीशिवाय काही अडतं का, हे पाहावं.

आपल्याकडे या कामाची सुरुवात जमिनीपासून होते, आणि तिथलं गणित बाहेरच्याला चटकन कळत नाही. कोळशासाठी जमीन घेताना १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र कायदा लागतो. त्यातली कलमं एकामागून एक लागू होतात आणि गावात बोलणं त्यांच्याच आकड्यांत चालतं: सेक्शन चार लागला, सात लागला, नऊ लागला. पहिली अधिसूचना आणि हातात येणारा पैसा यांच्यात वर्षं जातात. तेवढ्या काळात कोणी नवी विहीर खणत नाही की पक्कं घर बांधत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यमापन सक्तीचं केलं, पण कोळशाचा हा कायदा त्या सक्तीतून वगळलेल्या यादीत आहे. मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ मध्ये त्याला लावल्या गेल्या, मूल्यमापनाची नाही. मोबदल्याच्या बाजूने पाहिलं तर कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दर दोन एकरांमागे एक नोकरी आहे. देशातल्या अनेक प्रकल्पांच्या मानाने ही उदार तरतूद म्हणावी लागेल, आणि तिने कितीएक कुटुंबं वर काढली आहेत.

पण नोकरी जाते सातबाऱ्यामागे. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही त्याचं काय? ठोक्याने शेत करणारा, सालदार, गुराखी, गायरानावर चार शेळ्या चारणारी विधवा, निंदणाला जाणाऱ्या बाया, गावचा सुतार. शेत गेलं की यांची मजुरी गेली, पण यादीत त्यांचं बुडालेलं उत्पन्न बहुधा नीट मांडलंच जात नाही. नोकरीची ऑर्डर घरातल्या एकाच्या नावाने निघते, बहुधा मुलाच्या. ज्या बाईने ती दोन एकर आयुष्यभर निंदली ती एकाएकी बिनकामाची होते. चांगला पुनर्वसन अधिकारी इथे ओळखू येतो. तो तलाठ्याकडच्या कागदांवर थांबत नाही. सुगीत कोण कोणाच्या शेतावर होतं याची यादी तो बायांना विचारून करतो, कारण ती त्यांना तोंडपाठ असते.

हे एका वर्षात होत नाही, आणि इथे या नोकरीतला सर्वांत मोठा पेच आहे. हे काम एका जागी टिकून राहिल्याने साधतं आणि करिअर बदल्यांनी पुढे सरकतं. गावाला नावानिशी ओळखू लागलेला अधिकारी तीन-चार वर्षांत बढती घेऊन दुसऱ्या राज्यात जातो. त्याने चावडीवर दिलेला शब्द, म्हणजे ढिगाऱ्याच्या पायथ्याशी नाली काढून देऊ, स्मशानाची वाट मोकळी ठेवू, हा पदभार सोपवण्याच्या कुठल्याही कागदात हस्तांतरित होत नाही. नवा साहेब म्हणतो, मला माहीत नाही. गावाच्या लेखी मात्र शब्द कंपनीने दिलेला असतो. दिलेल्या प्रत्येक शब्दाची तारखेसह नोंदवही ठेवणं आणि ती ग्रामपंचायतीतही असणं, एवढी साधी सुधारणा कोणत्याही कंपनीला उद्यापासून करता येईल. आणि माडिया लोकांची वस्ती असलेल्या एटापल्लीसारख्या तालुक्यात नेमायचा माणूस माडिया बोलणारा असावा, याला पर्याय नाही. दुभाष्याच्या तोंडून संमती घेता येते, विश्वास मिळत नाही.

कधी गावाचं उत्तर नाही असंच येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर ओडिशातल्या नियमगिरीच्या १२ ग्रामसभांना बॉक्साइटच्या खाणीबद्दल विचारण्यात आलं, आणि त्या बाराही सभांनी नकार दिला. तोवर पायथ्याशी लांजीगडला अ‍ॅल्युमिना शुद्धीकरणाचा कारखाना केव्हाच उभा राहिला होता. आधी कारखाना आणि मग विचारणा, असा क्रम असेल तर जगातला कोणताही समाजसंबंध अधिकारी तो प्रकल्प वाचवू शकत नाही. नकार वेळेवर वर कळवणं हेही त्याचंच काम आहे, आणि कंपनीने त्याला त्यासाठी शिक्षा करता कामा नये. पैशांची भाषा समजणाऱ्यांसाठी: २०१४ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार ३ ते ५ अब्ज डॉलरच्या मोठ्या खाणप्रकल्पाचं काम स्थानिकांशी झालेल्या संघर्षाने अडलं, तर आठवड्याला सुमारे २ कोटी डॉलरचं नुकसान होतं.

खाण बंद पडते तेव्हाही गावाला कोणी विचारत नाही. गोव्यात २०१२ मध्ये खनिज काढणं थांबलं, पुढे सुरू झालं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्या. सत्तरी, डिचोली, सांगेतल्या कित्येक घरांचं खाणीशी नातं दारातल्या ट्रकापुरतं होतं. ट्रक थांबले, हप्ते चालूच राहिले. बंद झाल्यावर लोकांनी काय करावं याची तयारी खाण चालू असतानाच करायची असते, आणि वर्धा खोऱ्यातल्या ज्या खाणींचा कोळसा संपत आला आहे तिथे ही तयारी आता व्हायला हवी. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे यासाठी पैसाही येतो. जुन्या लीजवर रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या लीजवर १० टक्के. तो कुठे खर्च व्हावा हे सांगणारी माहिती मात्र गावात वावरणाऱ्या माणसाकडेच असते.

तेव्हा माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली सरकारकडे. कामगारांसाठी १९५५ मध्ये कल्याण अधिकारी सक्तीचा झाला, तसाच बाधित गावांसाठी एक अधिकारी प्रत्येक मोठ्या खाणीत सक्तीचा करावा. त्याची पात्रता ठरवावी, एका जागी निदान पाच वर्षं राहण्याची अट घालावी, आणि सुरक्षा अधिकाऱ्याप्रमाणे त्याचा शेरा ब्लास्टिंगच्या आणि विस्ताराच्या निर्णयात नोंदला जावा. दुसरी विदर्भातल्या समाजकार्य महाविद्यालयांकडे. सातबारा आणि फेरफार वाचणं, पेसा आणि वनहक्क कायदा, हादऱ्याचा तक्ता, विहिरीच्या पातळीची नोंद, गोंडी-माडिया, हे सगळं एकाच अभ्यासक्रमात शिकवा.

आणि जी मुलं-मुली अशा नोकरीच्या मुलाखतीला निघाली आहेत, त्यांनी पगार विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: गावाची तक्रार खरी निघाली तर उद्याचा ब्लास्ट थांबवायला मी कोणाला सांगायचं, आणि त्याने ऐकलं नाही तर पुढे काय? उत्तर लेखी मागा.