हात मांडीवर

लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, असला की आधी एक गंमत होते. भलाथोरला ग्रँड पियानो मंचाच्या मधोमध ढकलत आणतात आणि त्याचं झाकण उचलायची वेळ येते. खाली मंचासमोरच्या मोकळ्या जागेत उभे असलेले श्रोते एका आवाजात ओरडतात, ‘हीव्ह!’ वरच्या गॅलरीतून उत्तर येतं, ‘हो!’ झाकण वर जातं. मग वाद्यं जुळवून घ्यायला कुणी पियानोची एक पट्टी दाबतं, तर त्या एका स्वरालाही टाळ्या पडतात. रॉबर्ट न्यूमन आणि हेन्री वुड यांनी १८९५ साली हा महोत्सव सुरू केला तोच मुळी स्वस्तात, उभ्याउभ्या का होईना, सामान्य माणसाला चांगलं संगीत ऐकता यावं म्हणून. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात जुना क्वीन्स हॉल गेला आणि महोत्सव रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आला. तिथे पाच हजारांवर माणसं मावतात. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत रोज गर्दी असते आणि उभं राहून ऐकणारे अजूनही आहेत.

एवढा गाजावाजा झाल्यावर पियानोवादक येतो, वाकून अभिवादन करतो, बसतो, स्टूल थोडं खालीवर करतो आणि काहीच करत नाही.

मोझार्टचा डी मायनरमधला कॉन्चेर्टो घ्या, त्याच्या रचनांच्या यादीतला के. ४६६. सुरुवातीचे ७६ बार, म्हणजे साधारण अडीच मिनिटं, ऑर्केस्ट्रा एकटाच वाजत असतो. व्हायोलिनं तालाच्या अधल्यामधल्या जागा धरून धडधडतात आणि खालून चेलो-बास मध्येच फणकारल्यासारखे उसळी मारतात. पियानो मुका. मला त्या वेळी ऑर्केस्ट्रापेक्षा पियानोवादकाकडेच बघावंसं वाटतं. कुणी व्हायोलिनवाल्यांकडे तोंड करून बसतो, कुणी पट्ट्यांवर नजर लावतो, कुणी रुमालाने बोटं पुसतो. सतारीच्या मैफलीत आलाप चालू असताना तबलजीही असाच हात मांडीवर ठेवून बसलेला असतो, पण तो साथीला आलेला. इथे ज्याच्या नावावर तिकिटं खपली तोच गप्प.

खुद्द मोझार्टला मात्र असं रिकामं बसणं माहीत नव्हतं. त्या काळी स्वतंत्र कंडक्टर नसे. वादकच पियानोपाशी बसून सगळ्यांना सांभाळून घेई आणि आपली पाळी येईपर्यंत डाव्या हाताने खर्जाला साथ देत राही. हा कॉन्चेर्टो ११ फेब्रुवारी १७८५ रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला. त्याच दिवशी त्याचे वडील लेओपोल्ड तिथे पोचले होते. ते आले तेव्हा लेखनिक अजून स्वरलिपीच्या प्रती उतरवत होता आणि त्या गडबडीत शेवटचा भाग एकदा वाजवून बघायलाही मोझार्टला सवड झाली नव्हती. पुढे कंडक्टर आला, वादकाचं ते जादा काम गेलं आणि उरलं ते नुसतं वाट पाहणं. मला तरी ही तडजोड वाईट वाटत नाही. अडीच मिनिटं इतरांचं ऐकून घेतलेल्या माणसाचा पहिला स्वर वेगळा लागतो.

आणि के. ४६६ मध्ये तो खरोखरच वेगळा लागतो. इतका वेळ ऑर्केस्ट्राने जे काही सांगितलं, त्यातलं पियानो काहीच उचलत नाही. तो हळू आवाजात भलतीच एक चाल सुरू करतो, एकट्यापुरती. पहिल्या भागात ती चाल ऑर्केस्ट्राच्या तोंडी कधी येतच नाही. बीथोवनचा या कॉन्चेर्टोवर जीव होता. त्याने त्याच्यासाठी कॅडेन्झा, म्हणजे वादकाने एकट्याने वाजवायचा तुकडाही लिहून ठेवला. पण आपल्या तिसऱ्या कॉन्चेर्टोत त्याने नेमकं उलट केलं. वादकाला ११० बार थांबवलं, मग तीन वेळा दणक्यात सप्तकं चढायला लावली आणि नंतर ऑर्केस्ट्राचंच वाक्य जसंच्या तसं बोलायला लावलं. शंभर माणसांनी मांडलेला मुद्दा एकाने ठासून पुन्हा सांगावा, तसं. ऐकायला ते जबरदस्तच आहे, पण मोझार्टची ती वेगळी चाल मला जास्त धीट वाटते.

पुढच्या लोकांना एवढा दम नव्हता. ग्रीगच्या १८६८च्या कॉन्चेर्टोत टिंपनी नुसती घुमते न घुमते तोच पियानोवादक वरून खाली कोसळत येतो. महोत्सवांत हा कॉन्चेर्टो हमखास चालतो, यात नवल नाही.

त्याच्या नऊच वर्षं आधी ब्राह्म्सने मात्र हट्टाने जुनी रीत धरली होती. २७ जानेवारी १८५९, लाइपझिग. पंचविशीतला ब्राह्म्स आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो घेऊन स्वतः वाजवायला बसला. आधी ९० बार ऑर्केस्ट्राचा गडगडाट आणि त्यानंतर पियानोचा प्रवेश अगदी साधा, मवाळ. बोटांची करामत बघायला आलेल्यांच्या पदरी काहीच पडलं नाही. शेवटी ज्या थोड्या टाळ्या पडल्या त्या लोकांनी फिस्कारून दाबून टाकल्या.

दुसरा पियानो कॉन्चेर्टो त्याने थेट १८८१ मध्ये पुढे आणला. त्यात हॉर्नने पहिलं वाक्य म्हटलं रे म्हटलं, की पियानो लगेच उत्तर देतो.