माप एकच हवे

श्रद्धा जितकी पक्की, तितका ती दुसऱ्यावर लादण्याचा मोह मोठा. यात दुष्टपणा असतोच असे नाही. मला जे सत्य वाटते ते शेजाऱ्यानेही मानावे, ही इच्छा आपुलकीतूनही येते. परंतु समजावणे वेगळे आणि भाग पाडणे वेगळे. आपल्यावर सक्ती झाली की हा फरक लगेच कळतो. आपण सक्ती करतो तेव्हा मात्र कळत नाही.

2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले दोन निकाल या दृष्टीने शेजारी ठेवून पाहावेत. महाराष्ट्रात गोहत्येवर 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. 2015 च्या दुरुस्तीने ती बैल व वळू यांनाही लागू झाली. 6 मे 2016 रोजी न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली. मात्र परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा मानणारे कलम रद्द केले. नागरिकाच्या खाजगी आयुष्यात शासनाने डोकावू नये, हे त्यामागचे तत्त्व. ते आपल्याला पटले.

दुसरा निकाल 26 ऑगस्टचा. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात स्त्रियांना मजारीपर्यंत जाण्यास ट्रस्टने मनाई केली होती. नूरजहाँ सफिया नियाज व झकिया सोमण यांनी त्याविरुद्ध याचिका केली आणि न्यायालयाने ही मनाई घटनाबाह्य ठरवली. या वेळी आपल्यापैकी अनेकांचा सूर पालटला. हा आमच्या धर्माचा मामला, कोर्टाने त्यात पडू नये, असे म्हटले गेले.

पहिली सक्ती सरकारची होती, दुसरा निर्णय समाजाच्या आपल्या संस्थेचा, असा भेद कोणी करील. पण अडवली गेलेली बाईही त्याच समाजाची होती, श्रद्धेनेच आली होती. तिच्या श्रद्धेची मुखत्यारी इतरांना कोणी दिली? आमच्या नाशकात 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेव्हा दार अडवणाऱ्यांनीही धर्माचाच हवाला दिला होता.

मग कायद्याने श्रद्धेच्या वाटेला जाऊच नये काय? तसेही नाही. एकाच्या समजुतीमुळे दुसऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त होत असेल, तर कायद्याने आड यावेच. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, तो शायरा बानो नावाच्या स्त्रीच्या फिर्यादीवरून. तिला संरक्षण देणे म्हणजे कोणावर मूल्ये लादणे नव्हे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नाना मुलखांतली माणसे एकाच पाळीत काम करतात. एकाचा रोजा असतो, म्हणून दुसऱ्याचा डबा बंद होत नाही. दुसऱ्याचा श्रावण असतो, म्हणून पहिल्याच्या डब्याचे झाकण कोणी उघडून पाहू नये. साध्या कामगाराला हे सांगावे लागत नाही. पुढाऱ्यांना आणि मौलवी-महंतांना का सांगावे लागते, हा प्रश्न आहे.

कुरआन शरीफातील सूरह मुतफ्फिफीन घेताना माप पुरेपूर घेणाऱ्या आणि देताना मारणाऱ्या लोकांविषयी आहे. मी शिक्षिका आहे. मुलींना तिचा अर्थ सांगताना केवळ धान्याच्या तराजूवर थांबणे मला जमत नाही. हक्कांचेही माप असते. स्वयंपाकघराच्या दारात शासनाला अडवणाऱ्याने दर्ग्याच्या दारात बाईला अडवू नये. अल्पसंख्याक म्हणून जे मागतो, ते आपल्यातल्या एकट्यादुकट्याला देण्याची तयारी हवी. नाहीतर आपल्या मागणीला वजन उरत नाही.