खेळाचा हिशेब

शेतकऱ्याच्या डोळ्याला एक खोड असते. जे दिसेल त्याचं पुढं काय होणार, हे तो आधी बघतो. कालवड दिसली की दूध, बाभळ दिसली की औताचं लाकूड, ढग दिसला की पेरणी. चाळीस-पंचेचाळीस वर्षं शेती केली, त्यामुळं माझ्याही डोळ्याला ही खोड आहे. लहान पोरांबद्दलसुद्धा आपण तसंच बोलतो. पोर म्हणजे रोप, पोर म्हणजे बियाणं. शाळेच्या कार्यक्रमात पाहुणे हेच सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात. मला हे बोलणं पटत नाही. का पटत नाही, हे सांगायचं तर अंगणवाडीतल्या एका आठवड्याबद्दल सांगावं लागंल.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा होऊन गेला होता. सून कापूस वेचायला जायची, आमच्या मंडळींचे गुडघे धरलेले, म्हणून साडेतीन वर्षांच्या नातीला अंगणवाडीत पोचवायचं काम माझ्याकडं आलं. जागा नवी, त्यामुळं नात मला सोडेना. ताई म्हणाल्या, "तात्या, बसा तुम्हीबी. दोन-चार दिवसांत रुळंल ती." मग मी दाराजवळ पोतं टाकून बसायचो आणि बघायचो.

सोमवारी ताईंनी चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि बाटल्यांची झाकणं एकत्र ओतली आणि पोरांना म्हणाल्या, "वेगवेगळं करा." बहुतेकांनी जातीजातीनं ढीग केले. एका पोरानं मात्र प्रत्येक झाकणाभोवती पाच-सहा बिया मांडल्या. ताईंनी विचारलं, "हे काय रे?" म्हणाला, "ही कोंबडी, ही तिची पिल्लं." ताईंनी त्याचं मोडलं नाही. पिल्लं किती ते फक्त मोजायला लावलं.

मंगळवारी पानं गोळा केली. लिंब, बाभूळ, दसऱ्याच्या आपट्याची उरलेली. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायची. बुधवारी चिखल. बैल झाले, चूल झाली, भाकरी झाल्या. नातीनं माझ्यापुढं मातीची भाकरी ठेवली. मी म्हणलं, "कोरड्यास काय?" ती बाहेर पळाली आणि लिंबाचा पाला घेऊन आली.

गुरुवारी वजनं झाली. उंची, दंडाचा घेर, सगळं ताईंनी लिहून घेतलं. मदतनीस बाईंनी खिचडी वाढली. मी बसल्या बसल्या विचार केला, पोराच्या वजनाला काटा आहे, उंचीला पट्टी आहे. कालच्या चिखलातल्या बैलाला कुठला काटा लावायचा?

हाच सवाल पारावर निघाला होता. माझा एक सोबती आहे, त्याचा नातू गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीत जातो. एवढासा पोरगा ए पासून झेडपर्यंत लिहितो, घरी आल्यावर पुन्हा लिहायला बसतो. सोबती म्हणाला, "तात्या, तुमच्या अंगणवाडीत काय शिकायलीत पोरं? नुसती खेळायलीत की."

त्याला द्यायचं उत्तर शहाण्या माणसांनी कधीच देऊन ठेवलंय. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, खेड्यातल्या पोरांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणल्यावर या बायांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा नेली, ती कुरणशाळा. महागडी साधनं आणायची नाहीत, शिंपले, बिया, खडे, पानं, गावात जे सापडतं त्यावरच शिकवायचं, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढं 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. चिंचोके निवडताना पोर मोजायला शिकतं, चिखल मळताना बोटांत पेन्सिल धरायची ताकद येते, कोंबडी-पिल्लं मांडताना भाषा येते. हे सगळं खरं आहे. सोबत्याला मी तेच सांगितलं, त्यालाही ते पटलं.

पण पटलं ते हिशेबानं पटलं. त्याच्या मते वहीत लिहून पुढं फायदा, माझ्या मते खेळून पुढं फायदा. दोघांची नजर 'पुढं'वरच. मग ज्याचं पुढचं काहीच धड नाही, त्या पोरानं खेळायचं का नाही?

हा सवाल मी हवेतून काढला नाही. अंगणवाडीत एक चार वर्षांची पोरगी होती. तिच्या आई-बापानं मुकादमाकडून उचल घेतलेली. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, माणसाला हत्याराचंच नाव. दिवाळी झाली की ट्रक लागणार आणि ती पोरगी आईबरोबर उसाच्या फडावर जाणार. शाळेतल्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह तरी करता येतं. चार वर्षांचं पोर आईपासून तोडून कुठं ठेवता? पाच-सहा महिने ती कोपीत राहणार, वाढ्याच्या ढिगावर झोपणार. अंगणवाडीत तिचे तीन आठवडे उरले होते.

शुक्रवारी पोरं आपली आपणच खेळत होती. त्यांनी टोळी केली. काड्यांच्या मोळ्या बांधल्या, डोक्यावर घेऊन 'गाडी' भरायला लागले. ही पोरगी मुकादम झाली. तिनं सगळ्यांना मूठ मूठ चिंचोके वाटले, ती उचल. थोड्या वेळानं सगळ्यांच्या मोळ्या टाकून झाल्यावर हात झटकून म्हणाली, "फिटली सगळ्यांची. जा आता घरी." मोठ्या माणसांच्या तोंडी तिनं 'फिटली नाही' एवढंच ऐकलेलं असणार.

मी ताईंना हळूच म्हणलं, "ही तर दिवाळीनंतर जाणार. आल्यावर सगळं विसरलेली असंल. हिच्यामागं तुम्ही एवढं का लागता?"

ताई म्हणाल्या, "तात्या, आज तर ती इथंच हाये ना." आणि त्या तिच्या हाताला लागलेली माती धुवायला उठल्या.

मी यावर पुष्कळ विचार केला. पोर खरंच रोप असतं, तर ताईंचं वागणं चुकीचं ठरलं असतं. शेतकरी रोपाशी कसा वागतो ते मला विचारा. कपाशीच्या एका जागी दोन बिया टाकतो, दोन्ही उगवल्या की किडकं रोप उपटतो. बाजरी दाट झाली की विरळणी करतो. ज्या वावरात पीक हाती लागणार नाही, त्यावर खताचं पोतं सोडत नाही. हे क्रूरपण नाही, शेतीच तशी असते. पीक मालकासाठी वाढतं आणि शेवटी कापलं जातं. मग पोराला रोप म्हणायचं असंल तर विरळणीही मान्य करावी लागंल. कोणत्या पोरावर खर्च करायचा, कोणत्या नाही, हे ठरवावं लागंल. आणि आपण बोलत नाही, पण ठरवतोच की. फडावरच्या पोरांची आठवण कुणाला राहत नाही ती त्यामुळंच.

'पाया' हा दुसरा शब्द. 2020 च्या शिक्षण धोरणात तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा म्हणलंय. धोरण लिहिणाऱ्यांना तसं लिहावं लागतं. पण पाया जमिनीत गाडायचा असतो. पायात कुणी राहत नाही. पोर मात्र आपल्या चौथ्या वर्षात राहतं. ते त्याचं घरच असतं, वरचा मजला पुढं बांधला जावो न जावो.

याचा अर्थ उद्याची काळजी सोडायची, असा कुणी काढू नये. त्या पोरीचा उद्या नीट व्हायलाच पाहिजे. फडाजवळ अंगणवाडी पाहिजे, तिची आई ऊस तोडत असताना तिला ऊन-विंचवापासून जपणारं कुणीतरी पाहिजे, आणि तिच्या आई-बापाला गावातच काम मिळालं तर सगळ्यात बरं. पण उद्याचा भरवसा नाही म्हणून आजचं द्यायचं नाही, आणि उद्या फायदा होईल म्हणूनच आजचं द्यायचं, या दोन्ही गोष्टी मला एकाच मापाच्या वाटतात. पोराला खेळ देणं ही गुंतवणूक नाही. ते देणं आहे. आपल्याकडून त्याचं येणं आहे. पोर चार वर्षांचं आहे, एवढं कारण पुरतं.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई कामावर खडी फोडायची. मिळालेली सुकडी आम्ही भावंडं वाटून खायचो आणि खडीच्या ढिगातले गोल खडे निवडून खेळायचो. त्या खेळाचं पुढं काही झालं नाही. मी दहावीपर्यंत शिकलो, शेतीला लागलो, ते खड्यांमुळं नाही. पण ते वर्ष आठवलं की भूक आठवते आणि खडेही आठवतात. खडे नसते तर त्या वर्षात नुसती भूकच राहिली असती.

म्हणून पारावर आता कुणी विचारलं, पोरं काय शिकायलीत, तर मी चिंचोक्यांपासून सगळं सांगतो. पण 'खेळून पुढं काय होणार' असं विचारलं तर त्यालाच विचारतो, "तुझ्या लहानपणातलं तुला काय आठवतं रे? आणि त्यातलं पुढं कशाला उपयोगी पडलं?" माणूस आठवायला लागतो. आठवता आठवता हसतो. उपयोगाचा सवाल तिथंच राहून जातो.