सातबारा नाही, म्हणून मतही नाही

तालुक्याच्या कोर्टाबाहेर जामिनासाठी ताटकळणाऱ्यांच्या पिशवीत जामीनदाराचा सातबारा, आधार, रेशनकार्ड आणि फोटो असतात. शहापूर-मुरबाडच्या कातकरवाड्यांतली खोपटी मात्र बहुतेकदा दुसऱ्याच्या जमिनीवर उभी. तिथला माणूस आरोपी म्हणून पकडला गेला, तर त्याला जामीनदार कुठून मिळायचा? मग तो कल्याणच्या आधारवाडी कारागृहात तारखा मोजत बसतो.

तेवढ्यात निवडणूक लागली, तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम ६२(५) त्याला मतदान करू देत नाही. हे कलम शिक्षा झालेला आणि नुसता आरोप असलेला असा फरक करत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्ध सोडले, तर आत असलेल्या कोणालाच मत नाही. उलट शिक्षा झालेलाही अपिलात जामिनावर सुटला की रांगेत उभा राहू शकतो. म्हणजे मत जाते ते गुन्ह्यामुळे नव्हे, जामीनदार नसल्यामुळे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. शहापूर मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, आणि तिथला आमदार निवडताना आदिवासीच गजाआड राहावा, हे मला सहन होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे कलम वैध ठरवले. कैदी स्वतःच्या वर्तनाने आत गेला, बंदोबस्ताचा ताण पडेल, अशी कारणे दिली. पण आरोप सिद्धच झाला नसेल, तर वर्तनाचा निवाडा कोणी केला? बंदोबस्ताचे म्हणाल, तर प्रतिबंधात्मक स्थानबद्धांना हाच कायदा टपाली मत देतो. तीच सोय कच्च्या कैद्यांना का नाही? २०१३ च्या दुरुस्तीमुळे कोठडीतून उमेदवारीही करता येते. २०२४ मध्ये इंजिनियर रशीद तिहारमधून बारामुल्लाचे खासदार झाले. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने तर १९९९ मध्येच कैद्यांचे मत मान्य केले.

कलम संसदेने बदलावे, आणि मत मागायला वाडीवर येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला याचा जाब विचारावा. तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे, असे कायदाच सांगतो. वाडीतला माणूस असा अडकला की आठव्या दिवशी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज गेलाच पाहिजे. तो लिहून देण्याचे काम गावातल्या शिकलेल्या पोरांनी अंगावर घ्यावे.