कॉफी भाजणारे यंत्र आणि कर्त्याचा प्रश्न

माणसाने आपल्या कर्माचा काही भाग यंत्राकडे सोपवला, तर त्या कर्माचा कर्ता कोण राहतो, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनाला अगदीच अपरिचित नाही. मात्र जुन्या भाष्यकारांसमोर असलेली साधने, म्हणजे सुताराचा वाकस, कुंभाराचे चाक किंवा लोहाराचा भाता, स्वतः काही ठरवीत नसत. आजची साधने ठरवतात. किती आच द्यायची, ती केव्हा कमी करायची आणि काम केव्हा थांबवायचे, हे निर्णय यंत्रात आधीच नोंदवून ठेवता येतात, आणि त्यामुळे 'करणारा' व 'ज्याच्या साहाय्याने केले जाते ते' यांच्यात गीतेच्या अठराव्या अध्यायाने आखलेली सीमारेषा पुन्हा तपासून पाहावी लागते. घरी कॉफी भाजण्याचे यंत्र हे अशा तपासणीसाठी योग्य उदाहरण आहे, कारण त्यातले कर्म लहान आहे, ते अर्ध्या तासात पुरे होते, त्याचे फळ प्रत्यक्ष चाखता येते आणि त्यात माणसाचा वाटा किती व यंत्राचा किती, हे स्वच्छ दिसते.

प्रथम हे कर्म काय आहे ते पाहिले पाहिजे. कॉफी ही एका फळाची बी आहे. चिकमगळूर किंवा कोडगूच्या मळ्यांतून येणारी कच्ची बी हिरवट व टणक असते, तिला कॉफीचा म्हणून ओळखावा असा वास नसतो आणि तिच्यात साधारण १० ते १२ टक्के ओलावा असतो. आच लागताच प्रथम हा ओलावा निघू लागतो, बी पिवळी पडते, आणि १५० अंश सेल्सिअसच्या आसपास मायार्ड अभिक्रिया, म्हणजे शर्करा व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून तपकिरी रंग आणि सुगंध निर्माण करणारी रासायनिक प्रक्रिया, जोर धरते. सुमारे १९६ ते २०५ अंशांच्या दरम्यान आतील वाफ व कार्बन डायऑक्साइड यांच्या दाबाने बी तडकते. या तडतडीला व्यवसायात 'फर्स्ट क्रॅक' म्हणतात. आच तशीच चालू राहिली तर २२४ अंशांच्या पुढेमागे दुसरी, अधिक बारीक तडतड ऐकू येते आणि बीवर तेल दिसू लागते. हे सारे बहुधा ८ ते १५ मिनिटांत घडते, वजन १४ ते २० टक्क्यांनी घटते, आणि चवीचा मोठा भाग या दोन तडतडींच्या मधल्या मोजक्या मिनिटांत ठरतो. भाजलेली बी स्वतःच्या उष्णतेने भाजतच राहते, म्हणून ती ताबडतोब थंड करणे हाही भाजण्याचाच भाग मानावा लागतो.

मुंबईत कॉफीचा व्यवहार जुना असला, तरी कच्ची बी मराठी घरात क्वचितच आली. कॉफी हाउसची परंपरा १९३६ साली चर्चगेटजवळ सुरू झाली, आणि दादरला लागून असलेल्या माटुंग्यात दाक्षिणात्य वस्तीबरोबर भाजलेली कॉफी समोर दळून देणारी, चिकोरी किती घालायची ते गिऱ्हाइकाला विचारणारी दुकाने स्थिरावली. १९४० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत मळेवाल्यांना आपले पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावे लागे, त्यामुळे अमुक मळ्याची बी मागवून घरी भाजणे ही गोष्ट शहरी ग्राहकासाठी अलीकडे सुलभ झाली आहे. भाजण्याची विद्या मात्र या वस्त्यांना नवी नाही. लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात गिऱ्हाईक आपल्या घराण्याच्या प्रमाणाने मिरच्या, धणे आणि गरम मसाला घेते, तो भाजून घेते आणि डंकावर कुटून नेते. येथे कुटण्याचे कष्ट यंत्राने उचललेले आहेत. परंतु मालवणी मसाल्याचे धणे किती भाजायचे हा निर्णय अजूनही नाकाने आणि डोळ्याने होतो, आणि तो घेणाऱ्या बाईच्या नावानेच घरात तो मसाला ओळखला जातो.

याच लालबाग-परळने यंत्राचा दुसरा चेहराही पाहिला आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली ताडदेवची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे या परिसराचे गिरणगाव झाले. गिरणीत वेग साच्याचा असे आणि माणसाने त्या वेगाशी जुळवून घ्यायचे असे. दिवस भोंग्याने सुरू होई. म्हणजे डंक आणि साचा ही दोन्ही यंत्रेच, पण एकात निर्णय माणसाकडे राहिला आणि दुसऱ्यात तो त्याच्या हातून गेला. यंत्राचा चांगुलपणा किंवा वाईटपणा त्याच्या आकारात वा विजेत नसून या वाटणीत आहे, असे येथून म्हणता येते.

गीतेने या वाटणीचे विश्लेषण पाच कारणांच्या रूपाने केले आहे. कोणतेही कर्म सिद्ध होण्यास अधिष्ठान म्हणजे आधारभूत स्थान, कर्ता, करण म्हणजे साधन, विविध चेष्टा म्हणजे निरनिराळ्या हालचाली, आणि दैव म्हणजे माणसाच्या हाती नसलेला घटक, ही पाच लागतात. गीतेतील अधिष्ठान म्हणजे प्रामुख्याने शरीर आणि करण म्हणजे इंद्रिये असा अर्थ भाष्यकारांनी लावला आहे. तोच क्रम बाह्य कर्माला लावला, तर कॉफी भाजताना स्वयंपाकघर हे अधिष्ठान, भाजणारी व्यक्ती कर्ता, यंत्र हे करण, आच कमीजास्त करणे, हवा वाढवणे व बी काढणे या चेष्टा, आणि त्या वर्षीचे पीक, बीतील ओलावा व मुंबईची पावसाळी हवा हे दैव ठरते. गीता येथे न थांबता असे सांगते की, या पाचांपैकी एकट्या स्वतःलाच जो कर्ता समजतो, त्याची दृष्टी अपुरी आहे. या विधानाला दोन धारा आहेत. उत्तम कॉफी झाली की ती केवळ आपल्या कौशल्याने झाली असे मानणारा जसा चुकतो, तसा ती बिघडली की दोष यंत्रावर ढकलणाराही चुकतो, कारण करण हे पाचांपैकी एक आहे. ते सर्व काही नाही आणि नगण्यही नाही.

यंत्राची निवड कशी करावी याचा निकषही त्याच अध्यायात सापडतो. तामस कर्म कोणते हे सांगताना गीतेने चार गोष्टींचा विचार न करता आरंभलेले कर्म, असे त्याचे लक्षण केले आहे: अनुबंध म्हणजे मागाहून येणारे परिणाम, क्षय म्हणजे द्रव्याचा व शक्तीचा नाश, हिंसा म्हणजे इतरांना होणारी पीडा, आणि पौरुष म्हणजे स्वतःचे सामर्थ्य. कर्माला लावलेली ही चौकट यंत्राच्या खरेदीलाही लागू पडते, कारण यंत्र विकत घेणे म्हणजे पुढच्या अनेक कर्मांचा आरंभ करणे होय.

क्षयाचा विचार क्षमतेपासून सुरू होतो. दोन माणसांच्या घरात रोज ३० ग्रॅम भाजलेली कॉफी लागते असे धरले, तर आठवड्याला २१० ग्रॅम लागते, आणि भाजताना होणारी घट १५ टक्के मानली, तर त्यासाठी सुमारे २५० ग्रॅम कच्ची बी पुरते. भाजलेली कॉफी साधारण दोन-तीन आठवड्यांत आपला सुगंध गमावू लागते, म्हणून एका वेळी किलोभर भाजणारे महागडे यंत्र अशा घरात अपरिग्रहाच्या, म्हणजे गरजेपेक्षा अधिक न साठवण्याच्या, तत्त्वाशी विसंगत ठरते. कच्ची बी मात्र कोरड्या, बंद डब्यात अनेक महिने टिकते, आणि पावसाळ्यात तो डबा हवाबंद असणे मुंबईत अत्यावश्यक आहे.

हिंसेचा निकष या शहरात विशेष कठोरपणे लावला पाहिजे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, गिरगावच्या चाळींत गॅलरी सर्वांची सामाईक, आणि नव्या उंच इमारतींतही खिडकीसमोर खिडकी. काळपट भाजणीचा धूर दाट व उग्र असतो. शेजारच्या दमेकऱ्याला किंवा तान्ह्या मुलाला त्याचा त्रास होत असेल, तर घरातला सुगंध निर्दोष राहत नाही. म्हणून धूर कमी करण्याची सोय असलेले यंत्र, बाहेर हवा टाकणारा पंखा, मध्यम भाजणी आणि शेजाऱ्यांना सोयीची वेळ, या गोष्टी शिष्टाचाराच्या पलीकडे जाऊन धर्माचा भाग बनतात. भाजताना सुटणारी फोलपटे पेट घेऊ शकतात, म्हणून यंत्र चालू ठेवून निघून जाणे हेही हिंसेच्याच सदरात मोडते. ड्रममध्ये आग दिसली तर वीज बंद करावी आणि दार उघडू नये, कारण आत गेलेली हवा आगीला बळ देते.

अनुबंधाचा विचार दुरुस्तीशी जोडलेला आहे. अमेरिकेत वापरण्यासाठी बनवलेले १२० व्होल्टचे यंत्र भारतातील २३० व्होल्टवर थेट चालत नाही, आणि ज्याचा सुटा भाग येथे मिळत नाही, ते यंत्र पहिल्याच बिघाडानंतर अडगळ होते. या बाबतीत चरख्याचा इतिहास बोलका आहे. गिरगावलगतच्या गावदेवीतील मणिभवनात १९१७ ते १९३४ या काळात मुक्काम करणारे महात्मा गांधी यंत्रांचे सरसकट विरोधक नव्हते. शिवणयंत्राचा अपवाद त्यांनी १९२४ साली स्पष्टपणे मान्य केला होता, आणि १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी, यंत्र २० वर्षे टिकावे आणि चालवणाऱ्याला अवाजवी श्रम पडू नयेत, अशा त्याच्या अटी होत्या. यंत्र घेण्याआधी त्याच्या आयुष्याचा व ते चालवणाऱ्या माणसाचा विचार कसा करावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

उरतो पौरुषाचा निकष, आणि तोच मूळ प्रश्नाकडे नेतो. घरगुती यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत: फिरत्या ड्रममध्ये बी भाजणारी आणि गरम हवेच्या झोताने बी उडवत भाजणारी. हवेची यंत्रे लवकर व एकसारखी भाजतात, परंतु त्यांच्या आवाजात तडतड ऐकणे अवघड जाते. ड्रमची यंत्रे सावकाश भाजतात आणि त्यांपैकी काहींत नमुना काढण्याची लहान पळी असते. दोन्ही प्रकारांत हाताने आच बदलण्याची आणि आधी नोंदवलेल्या क्रमाने आपोआप भाजण्याची, अशा दोन पद्धती आढळतात. प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की, आपोआप भाजणारे चांगले यंत्र नवशिक्यापेक्षा बहुधा अधिक समान कॉफी देते. मग अवधानाची गरज काय, असा आक्षेप निघतो.

या आक्षेपाचे उत्तर विनोबांच्या एका विचारात मिळते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीता-प्रवचनांत विनोबांनी विकर्म या शब्दाचा 'निषिद्ध कर्म' हा रूढ अर्थ बाजूला ठेवून 'विशेष कर्म', म्हणजे बाहेरच्या कर्माला मिळालेली आतील चित्ताची जोड, असा अर्थ घेतला. कर्माला विकर्म मिळाले की त्याचे अकर्म होते, म्हणजे करूनही त्याचे ओझे राहत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या भाषेत बोलायचे तर यंत्राकडे कर्म सोपवता येते, विकर्म सोपवता येत नाही. ड्रम फिरवणे, तापमान राखणे, पंखा चालवणे हे यंत्राने करावे. पण पिवळ्या पडलेल्या बीचा वास बदलला हे ओळखणे, पहिली तडतड ऐकताच पुढचा विचार करणे, भाजणीची नोंद वहीत ठेवून पुढच्या वेळी सुधारणे आणि ही कॉफी कोणासाठी आहे याचे भान ठेवणे, हे चित्ताचेच काम आहे. वृद्ध किंवा दृष्टी अधू झालेल्या माणसाने स्वयंचलित यंत्र वापरले, तरी नोंदलेला क्रम आपल्या चवीप्रमाणे निवडताना व चाखून बदलताना त्याचे विकर्म शाबूत राहते. उलट हाताने ड्रम फिरवणाऱ्याचे मन अन्यत्र असेल, तर त्याचे हातही साच्यासारखेच चालतात. अवधानाचे फळ केवळ कपात मोजता येत नाही. ते करणाऱ्याच्या घडणीत उतरते.

कर्तेपण सोडणे आणि अवधान सोडणे या दोन गोष्टींची येथे गल्लत होऊ नये. भाजलेले बी पुन्हा उगवत नाही, या दृष्टान्ताने योगसूत्रांवरील व्यासभाष्याने विवेकज्ञानाने निर्बळ झालेल्या क्लेशांचे वर्णन केले आहे, आणि जैन परंपरेतही जळलेल्या कर्मबीजातून संसाराचा अंकुर फुटत नाही, असे सांगितले आहे. 'मी केले' या अहंतेचा अंकुर जळावा, अशी या परंपरांची अपेक्षा आहे. कर्म बेफिकिरीने व्हावे, अशी नाही. सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत गीतेने निरहंकार वृत्तीबरोबर धैर्य व उत्साह यांचाही समावेश केला आहे, आणि चालढकल करणाऱ्याला तिने तामस ठरवले आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकमान्य टिळकांनी कर्मत्यागाऐवजी निष्काम कर्माचा जो आग्रह धरला, त्याचा आशयही हाच होता; फळाची आसक्ती सोडायची, कर्मातील दक्षता सोडायची नाही.

तेव्हा घरी कॉफी भाजण्याचे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्याने किंमत व प्रतिष्ठा यांच्या आधी चार प्रश्न विचारावेत: ते घराच्या गरजेपेक्षा मोठे तर नाही, त्याच्या धुराचा शेजाऱ्याला उपद्रव तर होणार नाही, ते येथे दुरुस्त होईल की नाही, आणि ते वापरणाऱ्याच्या डोळ्यांना, कानांना व नाकाला काम शिल्लक ठेवते की नाही. या चारही कसोट्यांना उतरणारे लहान, साधे, दुरुस्त करता येण्याजोगे यंत्र हे महागड्या व मोठ्या यंत्रापेक्षा श्रेष्ठ होय. पहिले तीन प्रश्न यंत्राविषयी आहेत आणि त्यांची उत्तरे दुकानात मिळू शकतात. चौथ्याचे उत्तर प्रत्येकाने भाजताना स्वतःच द्यायचे आहे, आणि कर्ता कोण हे त्या उत्तरावरूनच ठरते.