आधी वार्षिक अहवाल, मग गाइड

चि. छकुलीस,



होल्डिंग कंपनीचं गणित काही केल्या जुळत नाही, वर्गातल्या मुली ‘इम्पॉर्टंट’ पाठ करून मोकळ्या झाल्या, मीही तेच करू का, असं तू विचारलं आहेस. करू नकोस. पाठांतरावर पेपर निघेल, पण एम.कॉम.ची दोन वर्षं हातातून जातील. नागपूरच्या कॉलेजात मी आयुष्यभर कंपनी लेखाकर्म हाच विषय शिकवला. एम.कॉम. झालेली, पण एका खऱ्या कंपनीचा ताळेबंद हातात दिला तर तो कुठून वाचायचा हे न कळणारी मुलं मी खूप पाहिली. फार हुशार मुलं होती ती, म्हणून जास्त वाईट वाटायचं.

तू चिखल्याची आहेस. भाऊजी खाणीत पाळी करतात. तू लहानपणापासून जे पाहिलंस ते शहरातल्या मुलांना गाइडमधून कधीच मिळणार नाही. तेव्हा माझं एकच सांगणं आहे. ‘ए लिमिटेड’ आणि ‘बी लिमिटेड’ बाजूला ठेव आणि प्रत्येक प्रकरण मॉइल या आपल्याकडच्या मँगनीज खाणी चालवणाऱ्या सरकारी कंपनीच्या वार्षिक अहवालाशी लावून वाच. अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

आपल्या भागातल्या खाणींचा इतिहास हाच मुळी कंपनी लेखाकर्माचा अभ्यासक्रम आहे. 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट आलं. त्याचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली, नोंदणी इंग्लंडात. 1962 मध्ये तिची इथली मालमत्ता नव्या कंपनीकडे, म्हणजे मॉइलकडे आली. नव्या कंपनीत 51 टक्के भाग भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचे, 49 टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीचे. 1977 मध्ये तेही घेतले आणि कंपनी पूर्ण सरकारी झाली. तुझ्या पुस्तकात ‘खरेदी मोबदला’ म्हणून जे रूक्ष प्रकरण आहे ना, ते हेच. चालत्या खाणी घेताना त्यांची किंमत कोणी ठरवली, कशावर ठरवली, जुन्या मालकाला हिस्सा का ठेवला, असे प्रश्न डोक्यात ठेवून ते प्रकरण पुन्हा वाच.

आता भागभांडवलाकडे ये, कारण इथे मॉइलसारखं उदाहरण शोधून सापडणार नाही. डिसेंबर 2010 मध्ये मॉइलचा शेअर बाजारात आला. किंमत 375 रुपये, दर्शनी मूल्य 10. मी वर्गात विचारायचे, कंपनीच्या पुस्तकात याची नोंद काय? सगळे हात वर. बँक खाते नावे, भागभांडवल जमा, 365 रुपये प्रीमियम जमा. सगळे चूक. ती ‘ऑफर फॉर सेल’ होती. केंद्र सरकारने 10 टक्के आणि दोन्ही राज्यांनी प्रत्येकी 5 टक्के आपले भाग विकले. पैसा विकणाऱ्यांकडे गेला, कंपनीकडे भांडवल म्हणून छदामही आला नाही. फक्त भागधारकांच्या नोंदवहीतली नावं बदलली.

हे पक्कं झालं की पुढचं आपोआप उलगडतं. 2016 मध्ये कंपनीने स्वतःचेच सुमारे 3.48 कोटी शेअर 248 रुपयांनी परत विकत घेतले. दहा रुपये भागभांडवलातून कमी होणार. उरलेले 238 कुठून आणायचे? 2010 च्या विक्रीतला प्रीमियम कंपनीकडे आलाच नव्हता. म्हणजे इतक्या वर्षांच्या नफ्यातून साठलेल्या राखीव निधीला हात घालायचा. शिवाय कंपनी कायदा 2013 चं कलम 69 सांगतं की परत घेतलेल्या भागांच्या दर्शनी मूल्याएवढी रक्कम भांडवल विमोचन निधीत वेगळी काढा. ती का, हे समजून घे. बाहेर गेलेल्या भांडवलाची जागा रिकामी राहू नये, धनकोंचा आधार कमी होऊ नये, म्हणून. हा निधी लाभांश म्हणून वाटता येत नाही, बोनस शेअर देण्यापुरता वापरता येतो. आणि 2017 मध्ये कंपनीने एकास एक बोनस दिलाही. तो नेमका कोणत्या निधीतून दिला, ते त्या वर्षीच्या टिपांमध्ये तू स्वतः शोध आणि मला कळव. मी सांगणार नाही.

बी.कॉम.ला नोंद कशी करायची हे विचारतात. एम.कॉम.ला विचारायचं असतं, हा आकडा मोजलेला आहे की अंदाजलेला, आणि अंदाज कोणाचा? या एका प्रश्नासाठी तुझं गाव म्हणजे प्रयोगशाळा आहे.

चिखल्याची खाण भूमिगत. शाफ्ट खोदायला वर्षं जातात. तोवरचा सगळा खर्च ‘प्रगतीपथावरील भांडवली काम’ म्हणून ताळेबंदात पडून राहतो, त्यावर घसारा नाही. शाफ्ट वापरायोग्य झाली की घसारा सुरू. पण वापरायोग्य झाली हे ठरवणार कोण, आणि ती किती वर्षं चालणार? खनिज काढल्यावर पोकळी राहते, तिच्यात पाण्याबरोबर वाळू भरतात. ही भराई काढलेल्या मालाच्या खर्चात जाते. पण पुढच्या खनिजापर्यंत पोचायला जो बोगदा काढला, तोही याच वर्षीच्या खर्चात टाकायचा का? भाऊजींना विचार, आज तुम्ही माल काढला की रस्ता केला? त्यांच्या उत्तरावर तुझी नोंद ठरते. कागदावर दोन्ही मजुरीच दिसते.

आणि खाणीबाहेरचे ढीग. 31 मार्चला त्यांचं मोजमाप होतं. ढिगाची लांबी, रुंदी, उंची घेऊन घनफळ काढायचं, त्याला घनता लावून टन काढायचे, नमुने घेऊन प्रत ठरवायची, मग खर्च किंवा विक्रीतून सुटणारी निव्वळ रक्कम यांतली कमी ती किंमत धरायची. ओल किती धरली, ढीग पायथ्याशी किती पसरला, एवढ्याशा फरकाने वर्षाचा नफा वरखाली होतो. पुस्तकात मात्र ‘अखेरचा साठा’ म्हणून एक गोल आकडा दिलेला असतो आणि मुलं तो निमूट उतरवतात. जमिनीखालचं न काढलेलं मँगनीज तर ताळेबंदात बाजारभावाने कुठेच दिसत नाही. एवढी मोठी गोष्ट गैरहजर का, यावर एक अख्खा निबंध लिहिता येईल. प्रकल्पासाठी विषय शोधतेस ना, हा घे.

खाण बंद करतानाच्या खर्चाची तरतूद आजच करावी लागते, तीही आजच्या मूल्यात आणून. भारतीय लेखा मानक 37 तिथे वाच. त्याच मानकात संभाव्य देयता आहेत. त्यांचं एक उदाहरण घे. 25 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने रॉयल्टी हा कर नाही, खनिज हक्कांवर राज्यं कर लावू शकतात, असं ठरवलं. 14 ऑगस्टला 1 एप्रिल 2005 पासूनच्या मागणीची वाटही खुली केली. आता खाण कंपन्यांनी तरतूद करायची, नुसती टीप द्यायची, की काहीच नाही? वेगवेगळ्या खाण कंपन्यांच्या 2024-25 च्या टिपा शेजारी ठेवून वाच. पीएच.डी.पर्यंत पुरेल एवढं त्यात आहे.

अहवाल वाचताना अध्यक्षांच्या भाषणापासून सुरुवात करू नकोस. आधी लेखापरीक्षकाचा अहवाल, मग नियंत्रक व महालेखापरीक्षकांचं पत्र, मग लेखा धोरणं, मग टिपा. आकडे सगळ्यात शेवटी. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक कंपनी कायद्याच्या कलम 139 प्रमाणे महालेखापरीक्षकच नेमतात आणि कलम 143 खाली त्याच्या तपासणीनंतर पुरवणी तपासणीही करतात. गावातल्या कंपनीचा हिशेब एवढ्या हातांतून जातो हे तिथल्या लोकांना कोणी सांगितलेलंच नाही. तू सांग.

इंग्रजीची भीती आहे, हेही तू लिहिलंस. बी.कॉम. मराठीतून केलं म्हणून तू कुठे कमी पडत नाहीस. रोज एकच टीप इंग्रजीत वाच आणि तिचा अर्थ मराठीत वहीत लिही. अर्थ लिहिता आला नाही तर ती समजलेली नाही, मग इंग्रजी कितीही फाडफाड वाचता येवो. होल्डिंगचं गणित जुळत नाही त्याचं कारणही मला हेच दिसतं. कंपनी घेण्याआधीचा नफा आणि नंतरचा नफा तू सूत्राने वेगळा करतेस, तारखेने नाही. आधी कागदावर एक आडवी रेघ मार, शेअर घेतल्याची तारीख तिच्यावर मांड, आणि प्रत्येक रक्कम तिच्या अलीकडची की पलीकडची ते लिही. मग गणिताला हात लाव.

दिवाळीत तुमसरहून गोबरवाहीच्या गाडीने मी येणारच आहे. 2016-17 आणि 2017-18 चे अहवाल काढून ठेव, फक्त टिपांची पानं छापलीस तरी चालेल. सोडवलेली गणितं नकोत, तुझे प्रश्न लिहून ठेव. भाऊजींची पहिली पाळी असेल तर संध्याकाळी त्यांनाही बसव.

तुझी,
मावशी